कचेरीच्या आवारातील वाहने

मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला एक मोठी सोय असते. मूर्तीचे हात तुटले, आयुधे झिजली, चेहऱ्यावरचे नाकडोळे काळाने पुसून टाकले, तरी पायाशी वाहन शाबूत असले म्हणजे देवता ओळखता येते. नंदी दिसला की शंकर, उंदीर दिसला की गणपती, रेडा दिसला की यम. माणसांच्या बाबतीत हा नियम इतका पक्का नसला, तरी सरकारी कचेरीच्या आवारात तो बराचसा लागू पडतो. साहेब जागेवर आहेत काय, हे चपराशाला विचारण्याआधी पायरीशी कोणते वाहन उभे आहे ते पाहून घ्यावे, हा खेड्यातून येणाऱ्या शहाण्या कास्तकाराचा जुना रिवाज आहे.

बुलढाण्याचे या. मा. काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून या प्रांतातील राजवटींचा मागोवा घेतला. त्यांच्यासारख्या व्यासंगी माणसाने घातलेल्या वाटेने जाण्याचे येथे प्रयोजन नाही. आपण फक्त जिल्ह्याच्या कचेरीच्या फाटकाशी उभे राहावयाचे आणि दीडशे वर्षांत या फाटकातून आत कोणकोणती वाहने आली, ती कोणाच्या मालकीची होती आणि त्यांच्यावर कोणाचा जीव होता, एवढेच पाहावयाचे. इतके पाहिले तरी जिल्ह्याचा एक निराळाच इतिहास हाती लागतो.

प्रथम भूमीची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे, कारण येथील वाहनांची सारी कथा तिच्यावर उभी आहे. अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्याचे सरळ दोन भाग करते. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर सपाट जमीन. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही गावे तिच्यात. दक्षिणेला पठार, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ही गावे त्यावर. जिल्ह्यातला माणूस आजही 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी ओळख सांगतो. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ साली अकोल्यापासून वेगळा असा नैर्ऋत्य वऱ्हाडचा जिल्हा काढण्यात आला. त्याला काही काळ मेहकर जिल्हा म्हणत, पुढे तो बुलढाणा जिल्हा झाला. कचेरी बसली ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, घाटाच्या माथ्याजवळ. तेथील गार हवा साहेबलोकांना मानवली असावी यात नवल नाही.

पण त्याच दशकात आगगाडी आली, आणि ती खालून गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा पूर्णेच्या सपाटीतून १८६७ साली नागपूरला पोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत नेत असत. आता खामगावच्या बाजारासाठी जलंब स्टेशनापासून खास फाटा घालण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. कापसाला रेल्वे मिळाली, कचेरीला मिळाली नाही. बुलढाण्याहून मलकापूर स्टेशन सुमारे ४५ किलोमीटर, मध्ये राजूरचा घाट. आजही बुलढाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. तेव्हा या गावी जो कोणी नोकरीला आला, तो कोणत्या ना कोणत्या वाहनाने घाट चढून आला. आणि येथे राहिला तो वाहनाचा विचार करीतच राहिला.

त्या पहिल्या काळातील कचेरीचे वाहन म्हणजे घोडा आणि टांगा. वरच्या अधिकाऱ्याने घोडा बाळगणे हा नोकरीचाच भाग समजला जाई. घोड्याची किंमत त्याच्या हुद्द्याशी जोडलेली असे. घोडा चांगला की वाईट हा त्याच्या मर्जीचा प्रश्न. हिवाळा लागला की साहेबांचा दौरा निघे. तंबू, टेबलखुर्च्या, दप्तरे, स्वयंपाकाची भांडी, असा सारा संसार गावोगाव फिरे, आणि तो वाहून नेण्यासाठी गावच्या बंड्या धरल्या जात. पैसे कधी मिळत, कधी कमी मिळत, कधी मधल्यामध्ये विरून जात. दौऱ्याचा मोसम आणि कापूस वेचणीचा मोसम नेमका एक. पऱ्हाटीवर बोंडे फुटलेली असताना ज्याची बंडी आणि बैलजोडी दोन मुक्कामांपर्यंत वेठीस धरली गेली, त्या कास्तकाराला सरकार म्हणजे काय हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या दोन दिवसांत अधिक चांगले समजत असे.

तरीही, वाहनाचा खरा शौक त्या काळात कोणाला असेल, तर तो या कास्तकारालाच होता. वऱ्हाडात माल वाहायची ती बंडी, बायकामुलांना बसवून माहेरी-सासरी न्यावयाची ती छपराची दमणी, आणि एकट्यादुकट्याने झपाट्याने जावयाचे ती हलकी रेंगी. तीन कामे, तीन वाहने. आजच्या मोटारीच्या दुकानात यापेक्षा निराळे काय असते? रेंगीला जुंपायची जोडी निवडताना दात, शिंगे, खुर, पाठीची ठेवण, चालीतला झोक यांची जी चर्चा चावडीवर रंगे, ती ऐकून पुढच्या काळातील मोटारसायकलवाल्यांनीही लाजावे. या शौकाचा कळस म्हणजे शंकरपट. विदर्भातील या शर्यतीत जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या अंशाने हरते-जिंकते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्धच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने आपला कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम केला. जनावराचे हाल आणि माणसाचा शौक यांचा हा वाद सोपा नाही. येथे आपल्या कामापुरते इतकेच, की दाव्याच्या तारखेला पाटील-देशमुख आपली निवडक जोडी जुंपून कचेरीला येत, आवारातल्या निंबाखाली रेंगी सोडीत, आणि आत मुन्सफासमोर काय चालले आहे यापेक्षा बाहेर जोडीभोवती जमलेल्या घोळक्याचे कुतूहल अधिक असे. कचेरीच्या आवारात हौसेचे वाहन उभे राहिले ते असे. ते नोकराचे नव्हते, पक्षकाराचे होते.

नोकराला स्वतःचे वाहन मिळाले ते सायकलीच्या रूपाने. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचे दुकान काढले होते. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ही पुढची गोष्ट. त्या वेळी सायकल हे गोऱ्यांचे आणि धनिकांचे खेळणे होते. बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांतून बी.एस.ए., हर्क्युलिस, रॅले अशी नावे मिरवीत ती येई. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती कारकुनाच्या आटोक्यात आली, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनिपत, लुधियाना येथे देशी कारखाने निघाल्यावर ती मास्तर, पोस्टमन, पटवारी, ग्रामसेवक अशा सर्वांची झाली.

या घटनेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. घोडा हुद्द्याचा होता, टांगा पैशाचा होता. सायकल ही पहिल्याने कारकुनाची स्वतःची, हप्त्याने का होईना पण पगारातून घेतलेली वस्तू होती. बदली झाली तरी ती बरोबर जाई. तिच्यावर त्याने जो जीव लावला तो पाहण्याजोगा असे. सीटला कातड्याचे किंवा मखमलीचे आवरण, चाकांच्या तुंब्यांना रंगीत गोंडे, मागे कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा. रविवारी सकाळी सायकल उलटी करून चेन रॉकेलने धुणे आणि आऱ्यांना पुसून पुसून आरशी करणे हा कित्येक घरांतला नेम होता. कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत; रात्री दिवा नसला किंवा दोघे बसले तर पोलीस अडवी. एवढ्याशा वाहनाभोवती एवढा कायदा जमला, यावरूनच त्याची प्रतिष्ठा ध्यानात यावी.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या खेड्यांत ज्या जातींच्या नवरदेवाला घोड्यावर बसून वेशीतून जाण्याची मनाई होती, त्या जातींचा मुलगा शिकून कारकून किंवा मास्तर झाला, की सायकलीवर बसून कचेरीला येऊ लागला. सायकलीला मनाई करणारे वचन कोणत्याही पोथीत सापडण्यासारखे नव्हते. म्हणून ठिकठिकाणी वडीलधाऱ्या मंडळींसमोरून जाताना खाली उतरून चालण्याचा धाक घालण्यात आला, हेही खरे. पण कचेरीच्या आवारात आल्यावर त्याची सायकल इतर सायकलींच्या रांगेला लागे आणि रांगेत सर्वांची चाके सारख्याच उंचीची असत. समतेवरच्या व्याख्यानांनी जे साधले नाही, ते या रांगेने थोडे तरी साधले.

मोटार मात्र बराच काळ या आवाराला परकीच राहिली. आपल्या देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. जिल्ह्यात मोटारीची ऐपत होती ती मुख्यतः घाटाखाली, कापसाच्या जिनांत आणि दलालीच्या पेढ्यांत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा प्रवासी मोटारींना मागे कोळशाच्या भट्ट्या जोडून गॅसवर चालविण्यात आले. अशी मोटार घाटात काय करीत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

कचेरीच्या पायरीशी मोटार कायमची उभी राहिली ती जीपच्या रूपाने. या जीपचे चरित्र मोठे विलक्षण आहे. १९४५ साली लुधियान्यात महिंद्र बंधूंनी गुलाम महंमद यांच्या भागीदारीत पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. १९४७ साली देशाची फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे तेथील गव्हर्नर जनरलही. इकडे कंपनीचे नाव 'महिंद्र आणि महिंद्र' झाले, आणि महायुद्धात गाजलेली विलिस जीप ती मुंबईत जोडू लागली. लढाईसाठी निघालेले हे वाहन आपल्याकडे विकासाच्या कामाला लागले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना अमेरिकेच्या साहाय्याने सुरू झाली, आणि विकास गट तेथे जीप असे समीकरण पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले; १९६० साली महाराष्ट्र झाला; १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. राज्ये बदलली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. जीप तीच राहिली.

खेड्यात 'जीप आली' याचा अर्थ 'सरकार आले' असा होता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून दुसरे कोणतेही चाक जात नसे, तेथे ती जाई. देवीची लस, बियाणे, विहिरीसाठी तगाई, आणि वसुलीची जप्तीही तिनेच येई. तिच्यात कोण बसते यावरून गावातली राजकारणे चालत. साहेबाशेजारची जागा मिळाली तो मनुष्य पुढच्या निवडणुकीचा उमेदवार समजावा. जीपवर साहेबाचा हक्क असे, पण जीव असे तो ड्रायव्हरचा. तिचा एकेक आवाज त्याला ठाऊक असे. आज ही घाट चढणार की नाही हे साहेबाने त्याला विचारावे लागे. सरकारी पदांच्या उतरंडीत शेवटच्या पायऱ्यांवर असलेल्या माणसाला कौशल्याने मिळालेला असा अधिकार क्वचितच पाहावयास मिळतो.

पुढे जीपच्या शेजारी पांढरी अँबॅसडर आली. १९५७ पासून २०१४ पर्यंत हिंदुस्थान मोटर्सने ही मोटार काढली आणि इतक्या वर्षांत तिचे रूप जवळजवळ बदलले नाही, हा एक विक्रमच म्हणावा लागेल. तिच्या टपावर लाल दिवा बसला. हा दिवा १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने बंद केला. दिवा गेला, पण तो कोणाच्या मोटारीवर होता हे लोकांच्या लक्षात राहिले आहे.

आता आपण त्या वाहनाकडे येऊ, ज्याने कचेरीच्या आवाराचा चेहराच पालटला. १९५५ च्या सुमारास मुंबईत भांडुपला लँब्रेटा स्कूटर जोडली जाऊ लागली. दुसरीकडे बजाजांनी १९४८ पासून इटलीची व्हेस्पा आणून विकण्यास आरंभ केला होता. १९५९ साली त्यांना येथेच बनविण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. हे घराणे आपल्याच विदर्भातले, वर्ध्याचे. गांधीजींना वर्ध्यास आणणाऱ्या जमनालालजींचे. चरख्याच्या गावातून स्कूटर निघाली, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही. १९७१ साली इटालियन करार संपला आणि १९७२ साली राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. घोडा कचेरीतून गेला होता, तो असा नावाने परतला.

पण ही स्कूटर मिळावी कशी? उत्पादनावर परवान्याचे बंधन, वाटपावर सरकारचे नियंत्रण. नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा नोंदवलेली स्कूटर तो नोकरीत कायम होऊन लग्नाला उभा राहीपर्यंत येत नसे. 'नंबर लागला' हे शब्द त्या काळात नोकरीसाठी वापरीत, घरासाठी वापरीत आणि स्कूटरसाठीही वापरीत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, म्हणून परदेशातील नातेवाईक एकाएकी प्रिय झाले. मिळालेली स्कूटर दुसऱ्या दिवशी जास्त किमतीला विकली जाई. आणि या टंचाईतूनच एक काळा अध्याय लिहिला गेला. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला; त्याच दशकापासून वरपक्षाच्या यादीत स्कूटरचे नाव चढू लागले. आवारात नवी कोरी स्कूटर उभी राहिली की सहकारी पेढे मागत. तिची किंमत कोणत्या बापाने कोणते शेत गहाण टाकून भरली हे विचारण्याची पद्धत नव्हती. वाहनांच्या इतिहासात हौसेबरोबर हाही जमाखर्च मांडलाच पाहिजे.

तरीही १९६० ते १९८५ ही पंचवीस वर्षे म्हणजे कचेरीतील वाहनप्रेमाचा बहराचा काळ, असे म्हटल्याविना राहवत नाही. वाहने मोजकीच; पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि त्यावरून मालकाचा स्वभाव ओळखावा इतका ठसठशीत. म्हैसूरला १९६१ पासून निघणारी जावा आणि तिचीच पुढे १९७३ पासूनची येझदी : एकाच दांड्याने किक मारायची आणि तोच खाली वळवून गिअर टाकायचा, एक सिलिंडर पण धुराडी दोन. फरीदाबादची राजदूत : पोलंडच्या नमुन्यावरची, दणकट, गरीब स्वभावाची, दूधवाल्यापासून बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरपर्यंत सर्वांचे ओझे वाहणारी. आणि मद्रासची बुलेट. लष्कराच्या मागणीमुळे ही इंग्रजी मोटारसायकल १९५५ पासून मद्रासेत बनू लागली. १९७० च्या सुमारास इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालूच राहिला. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. किक मारण्यापूर्वी अँमीटरचा काटा पाहून पिस्टन नेमक्या जागी आणावयाचा. हे न जमणाऱ्याच्या पायाला ती असा झटका देई, की पुन्हा कोणी उसनी मागू नये. आवाजावरून कोण आले हे आत बसलेल्या कारकुनांना कळे, आणि त्याप्रमाणे फायली उघडल्या किंवा मिटल्या जात.

दुपारच्या चहाच्या सुटीत या वाहनांभोवती जी सभा भरे, तिचे इतिवृत्त कोणी लिहून ठेवले नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे, प्लगवरचा कार्बन कशाने खरवडावा, पॉइंटमध्ये किती फट ठेवावी, राजूर घाटात दुसरा गिअर कोठे टाकावा, उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवावे की ब्रेक जपावेत, हे सारे शास्त्रार्थ तेथे चालत. स्कूटर सुरू होईना तर ती एका अंगाला कलती करावयाची आणि मग किक मारावयाची, हा तोडगा कोणत्या कारखान्याने शिकविला नव्हता. तो या सभेनेच देशभर पसरविला. विशेष हे, की या सभेत हुद्दा चालत नसे. ज्याला कार्बोरेटर कळतो तो वरिष्ठ. अव्वल कारकून चपराशाला 'दादा, जरा बघ बरे' म्हणे, आणि चपराशी बाह्या सारून खाली बसे. कचेरीत माणसे एकमेकांशी बरोबरीने बोलत अशा जागा फार नसतात. ही एक होती. यंत्र साधे होते, म्हणून हे घडले. उघडले की दिसे, दिसले की समजे आणि समजले की दुरुस्त होई.

या सभेत अर्थात सारे पुरुषच. स्त्रियांच्या हाती चाक आले ते थोडे उशिरा आणि थोड्या लहान आवाजात. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने पन्नास सी.सी.ची लूना काढली. पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी यावे, अशी ती अर्धी सायकल. मोटारसायकलवाल्यांनी तिची थट्टा केली. पण शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या आणि कचेरीतल्या स्त्रिया यांना दुसऱ्याच्या मागे बसून येण्याच्या बंधनातून पहिल्याने मोकळे केले ते याच थट्टेच्या वाहनाने. आपली वेळ आपल्या हाती असणे याचे मोल ज्याला ती नेहमीच असते त्याला कळत नाही. लूनेने जितके अंतर तोडले, तितके त्या काळच्या कोणत्याही बुलेटने तोडले नसेल.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, सुरुवातीला पन्नास हजारांच्या आतल्या किमतीत. १९८५ साली चार स्ट्रोकची हिरो होंडा आली आणि पेट्रोल भरून विसरून जाण्याचे दिवस सुरू झाले. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या आरएक्स हंड्रेडने मात्र तरुणांना वेगाचे वेड लावले. ते वेड तिचे उत्पादन १९९६ साली थांबले तरी उतरलेले नाही. प्रतीक्षा संपली, टंचाई संपली. स्कूटरचा नंबर लागणे हा वाक्प्रचारही गेला. वाहन बिघडेनासे झाले तशी चहाच्या सुटीतली सभाही पांगली. सुखाची अशी किंमत बहुधा द्यावीच लागते.

आणि आता एक नवल पाहावयास मिळते. ज्यांना नवी मोटार सहज परवडते, ते जुने वाहन शोधू लागले आहेत. वडिलांची येझदी गोठ्यातून काढावी, तिचा गंज उतरवावा, सुटे भाग गावोगावच्या भंगारातून जमवावेत, पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच उलटलेली म्हणून परिवहन कार्यालयाच्या खेपा घालाव्यात, आणि एखाद्या शनिवारी ती एमएच २८ च्या नव्या मोटारींच्या रांगेत आणून लावावी, असे करणारे हौशी लोक आज अनेक कचेऱ्यांत आहेत. कारखानदारांनीही ही नाडी ओळखली. जावा २०१८ साली परतली, चेतक २०२० साली विजेवर चालू लागली, लूना २०२४ साली. नावे तीच, पोटातले यंत्र निराळे. या हौसेला केवळ गतकाळाचा उमाळा म्हणून हसण्याचे कारण नाही. हाताला कळणारे यंत्र आणि त्याभोवती जमणारी माणसे, ही जी गोष्ट हरवली, तिचाच हा शोध आहे. जुन्या येझदीभोवती आजही चार जण जमतात आणि त्यात एखादा चपराशी असतो.

एवढे झाल्यावर फाटकाच्या बाहेरही एकदा नजर टाकली पाहिजे. या सगळ्या कथेत कचेरीला येणाऱ्या सर्वांत मोठ्या समुदायाचे वाहन आपण अजून मोजलेलेच नाही. ते वाहन म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. पुढे विदर्भही तिच्या जाळ्यात आला. रेल्वे नसलेल्या या घाटमाथ्यावर सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी, पेन्शनसाठी, तारखेसाठी येणारा माणूस तिच्यातूनच उतरतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिचे अर्धे तिकीट झाले, तेव्हा किती जणींचे प्रवास पैशासाठी अडून राहिले होते हे दिसून आले. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसे होरपळून गेली. वेगाची हौस ही केवळ हौस राहत नाही, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिले.

तेव्हा कचेरीच्या आवारातील वाहनांची रांग पाहून जिल्हा पुढे गेला असे म्हणावयाचे असेल, तर दोन प्रश्न विचारून मग म्हणावे. कारकुनाला स्वतःचे चाक मिळाले, स्त्रीला मिळाले, वेशीबाहेरच्या मुलाला मिळाले. ही कमाई खरी आहे आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. पण ज्याच्याजवळ कोणतेच चाक नाही, त्याला कचेरीत वेळेवर पोचता येते काय? आणि पोचल्यावर, आवारात कोणतीही मोटार उभी असो, आतला माणूस जागेवर सापडतो काय?

दसऱ्याला या आवारात सर्व वाहने धुतली जातात. साहेबांची मोटार, कारकुनांच्या मोटारसायकली, कोपऱ्यात गंजत पडलेली जुनी सरकारी जीप, पहारेकऱ्याची सायकल, अशा सर्वांना झेंडूची सारखीच माळ पडते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि कुंकवाचे बोट लागते. त्याच सकाळी बसस्थानकावर एसटीच्या ड्रायव्हरनेही आपल्या गाडीच्या काचेवर माळ बांधलेली असते. कचेरीला त्या दिवशी सुटी असते. दुसऱ्या दिवशी ती गाडी घाट चढून येते तेव्हा माळ सुकलेली असते, आणि आतून कागदांची पिशवी सांभाळीत माणसे उतरतात व कचेरीच्या दिशेने चालू लागतात.